सात नंबरला कोणी आलं होतं का

आईला दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. पहिल्यांदा ऐकून विश्वास ठेवायची माझी तयारीच नव्हती. दोन आठवडे, फार तर तीन. मूत्रपिंडं थकलीत, आता सुया टोचून त्यांचे हाल करू नका. आई पूर्ण शुद्धीवर होती आणि आमच्या तोंडाकडं बघूनच तिला सगळं कळलं होतं. खाटेवर टेकवली तशी ती म्हणाली, "तू लाईनीत जाऊन ये. सात नंबरला कोन आलं हुतं का, इचारून ये."

कोण म्हणजे माझा भाऊ. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बत्तीस वर्षांपूर्वी तो घरातून गेला आणि परत दिसला नाही. वडील साखर कारखान्यात पॅनमन होते, म्हणजे उसाचा रस शिजवून त्याची साखर धरायचं काम त्यांच्याकडं असायचं. चार लोकांच्या मिनतवाऱ्या करून त्यांनी भावाला कारखान्यात चिकटवला होता. तो तिसऱ्या दिवशीच बॉयलरजवळून पळून आला. मला तिथं श्वास घेता येत नाही म्हणाला. वडिलांनी त्याला नळाच्या ओट्यापाशी, कारखान्याच्या क्वार्टरांच्या सगळ्या लाईनीदेखत चपलेनं मारलं. दुपारची वेळ, बायका हंडे घेऊन उभ्या. एकोणीस वर्षांचा पोरगा, पण त्यानं एकदासुद्धा हात वर केला नाही. मी दाराआड होते, आणि खरं सांगायचं तर त्याला लागतंय यापेक्षा आमची चारचौघांत शोभा होतेय याचीच मला जास्त लाज वाटत होती. मार खाऊन झाल्यावर त्यानं नळावर तोंड धुतलं आणि चालायला लागला, तो गेलाच.

त्यानंतर दोन वर्षांनी वडील निवृत्त झाले. क्वार्टर सोडावी लागली आणि आम्ही नगरला केडगावात भाड्यानं राहायला आलो. आई निघायला तयार नव्हती. "त्याला ह्योच पत्ता ठावं हाय," एवढं एकच तिचं म्हणणं. वडिलांनी ऐकलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत शोधही घेऊ दिला नाही, आणि आठ वर्षांपूर्वी ते वारले. मी मात्र मोबाईल आल्यापासून त्याचं नाव टाकून टाकून थकले होते. त्या नावाची निम्मी दुनिया निघते आणि त्यातला एकही आपला नसतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पंधरा दिवसांची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडली.

लाईन म्हणजे एका लांबलचक छपराखाली बारा घरं. दोन घरांत एकच भिंत. सहा नंबरात फोडणी दिली की सात नंबरात ठसका लागायचा. पुढं ओटा, मग खोली, मग स्वयंपाकघर, मागं मोरी आणि मागचं दार. बाराच्या बारा घरांत हीच मांडणी, डोळे बांधून कुणाच्याही घरात सोडलं तरी पाण्याचा तांब्या सापडेल. आता निम्म्या घरांना कुलपं होती. कारखाना दुसऱ्या कुणीतरी चालवायला घेतला होता आणि उरलेल्या घरांतून ट्रॅक्टरचे ड्रायव्हर राहत होते. जुनं एकही माणूस नव्हतं.

सात नंबरच्या दारात एक तरुण बाई भांडी घासत होती. माझी पर्स, चष्मा आणि वही बघून तिला वाटलं मी कसल्या तरी सर्व्हेला आलेय. "आमचं नाव न्हाई लागलं घरकुलात," ती वर न बघता म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी लहानाची मोठी या घरात झाले. तर म्हणते, "हितं लई जन ऱ्हायले." बरोबरच होतं तिचं. पण जिथं मी अभ्यास केला, आजारी पडले, पहिल्यांदा साडी नेसले, तिथं उंबऱ्याबाहेर उभं राहून हे ऐकताना मला तिच्या हातातलं भांडं हिसकावून घ्यावंसं वाटलं. तिला येऊन दीड वर्ष झालं होतं. त्या काळात कोणी आलं नव्हतं. आधी एक शाळेचा शिपाई राहायचा, तो कोल्हारला घर बांधून गेला, एवढं तिला माहीत होतं.

कॉलनीच्या ऑफिसात गेले. कुठल्या क्वार्टरला केव्हा कोण होतं याची रजिस्टरं असायची, ती कुठायत म्हणून विचारलं. तिथला क्लार्क जवळजवळ खुशीत म्हणाला, "वाळवीनं खाल्ली सगळी." म्हणजे आता एकच वाट उरली. प्रत्येकाला त्याच्या आधीचा माहीत असणार, त्याला त्याच्या आधीचा. आमच्यानंतर त्या घरात कोण कोण राहिलं ते असं मागं मागं जात शोधायचं. आम्ही निघालो तेव्हा आत कोण आलं ते मला आठवत होतं, कारखान्यातले एक फिटर आणि त्यांची बायको. पण ते पुढं कुठं गेले याचा मला काडीचाही पत्ता नव्हता.

संध्याकाळी घरी आले तर आई उशाला टेकून दाराकडंच बघत बसलेली. "भेटलं का कोन?" मी म्हटलं, उद्या कोल्हारला जातेय. तिनं मान हलवली आणि पेज नको म्हणाली.

कोल्हारचा शिपाई भारी बोलका निघाला. मी शिक्षिका आहे कळल्यावर तर त्यानं खुर्चीच पुसून दिली. "बाई, नऊ वर्सं काढली म्या त्या घरात. कोन कोन आलं ते सांगतो की." आणि त्यानं खरंच सांगायला घेतलं. विम्याचा माणूस आला होता. एक जण म्हैस हरवली म्हणून आला होता. एक साधू आला आणि तिसऱ्या दिवशी हलला. एक जण रडत आला होता... मी वही बाजूला ठेवली. तो रडणारा निघाला शिपायाचाच साडू, बायकोशी भांडून आलेला. शिपायाला आपल्या गोष्टीवर हसू आलं, आणि मी त्याच्या अंगणात इतकी कासावीस होऊन बसले की त्यानं बायकोला लिंबूपाणी करायला सांगितलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "तुमचं मानूस न्हाई आलं बाई. आलं असतं तर मला ध्यानात असतं." त्याच्या आधी सोळा वर्षं एक मुसलमान वेल्डर राहत होते. आता त्यांचं घोडेगावला दुकान होतं.

तिसऱ्या खेपेपर्यंत आईचे पाय सुजून टम्म झाले होते. ती दिवसातून कितीतरी वेळ नुसती पडून असायची आणि मी चप्पल घातली की तेवढ्यापुरते डोळे उघडायची. नवरा म्हणाला, आता तू तिच्याजवळ थांब, मी जाऊन येतो. मी त्याच्यावर खेकसले. माझ्या भावाचा चेहरा तू पाहिलायस का, म्हणाले. त्याला बिचाऱ्याला लग्नाआधी भावाचं नावसुद्धा कोणी कळू दिलं नव्हतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, पण त्यानं ते काढलं नाही.

घोडेगावला नेमका जनावरांचा बाजार. एसटी फाट्यावरच अडकली. म्हशींच्या, टेम्पोंच्या आणि दलालांच्या गर्दीतून पदर सावरत मी दुकान विचारत गेले. वेल्डर चाचा आता थकले होते, ठिणग्यांनी डोळे अधू झालेले, पोरं काम बघत होती. मी पॅनमनची मुलगी म्हटल्याबरोबर त्यांनी मशीन बंद करायला लावलं. "ताई, आमच्या वख्ताला कोनी नाही आलं," ते म्हणाले. मी उठायला लागले. "बसा, बसा. आमी चावी घ्यायला गेलो ना, तवा आमच्या आधीच्या भाभींनी सांगितल्यालं. पॅनमनची चौकशी करत एक जन आला हुता म्हने, पोरगा, चांगल्या कपड्यातला. पुन्ना आला तर पत्ता द्या म्हनल्या. तो काय पुन्ना आला नाही."

मला पुढचं नीट ऐकूच येईना. मी चाचांचे हात धरले. कोण होता, कसा होता, केव्हा आला होता? त्यांना एवढंच माहीत होतं. त्या भाभी म्हणजे फिटरची बायको. फिटर वारले, आणि ती आता काष्टीला मुलाकडं असते, त्यांची गाईंची डेअरी आहे. चाचांच्या मुलानं तीन ठिकाणी फोन लावून पत्ता काढून दिला. मी आईला फोन करून सांगणार होते, आणि मग वाटलं, नको, पुरतं कळू दे. बसमध्ये मी सगळ्यांसमोर रडले. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा वाटत होतं की आपण त्याच्या मागावर आहोत.

दुसऱ्या दिवशी काष्टीला जाताना मला तिचा चेहरा आठवायला लागला आणि त्याबरोबर ती एक दुपारही. तेव्हा मी बावीस वर्षांची होते. माझं लग्न जमवायचं चाललं होतं. आमच्याकडं मुलगी बघायला यायच्या आधी मुलाकडचे कुणालातरी गुपचूप चौकशीला धाडतात. घराणं कसं, मुलगी कशी, घरात काही भानगड नाही ना. आणि ही चौकशी राहत्या जागी करून भागत नाही, कारण तिथं तुम्हाला कोण ओळखतं? ती होते तुमच्या जुन्या जागी. माझी दोन स्थळं अशीच मोडली होती. मुलीचा भाऊ पळून गेलाय म्हटल्यावर लोकांना कशाची कशाची शंका येते. तेव्हा आईला न सांगता मी एकटी लाईनीत गेले. सहा नंबर, आठ नंबर आणि आमच्या सात नंबरातल्या या काकू, तिघी आमच्यानंतर आलेल्या, भावाला कोणी पाहिलेलंही नव्हतं, त्या तिघींना हात जोडून सांगून आले की कोणी चौकशीला आलं तर मी एकुलती एक आहे म्हणायचं. मुलगा म्हणून कोणी नाही, कधी नव्हताच. तिघी हसल्या, त्यात काय एवढं म्हणाल्या. लेकीबाळीचं लग्न जमावं म्हणून असं सगळेच सांगतात, त्यात कुणाला खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. माझं जमलंही. वर्षभरानं धीर करून मी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं, तर तो म्हणाला, "एवढंच ना? माझा एक चुलता असाच गेलाय."

हे आठवूनही मला काही कळलं नाही. मी बसमध्ये शांत बसून राहिले. उलट वाटलं, चला, ओळखीची बाई आहे, नीट सांगेल.

काकूंनी मला लगेच ओळखलं. गोठ्यातून हात धुऊन आल्या, पोटाशी धरलं, चहा ठेवला. आईचं सांगितल्यावर डोळ्याला पदर लावला. मग मी विचारलं, तुमच्या वेळी एक जण आमची चौकशी करत आला होता ना?

"आला हुता की!" काकूंचा चेहरा उजळला. "तुज्या लग्नाचं चाललं हुतं बग तवा. दुपारचा आला. इस्तरीचं शर्ट, मिशा राखल्याल्या, हातात पिशवी. दारात उबा राहून म्हनला, पॅनमन हितंच राहायचे ना? म्या वळखलं लगीच, हा चौकशीचा मानूस. नाव इचारलं तर सांगंना. आता आसंच असतं की ते, नाव कुटं सांगत्यात? बस म्हनलं, चहा घे. तर आदी म्हनला, त्या बाई बऱ्या हायेत का? म्हनलं, झ्याक हायेत. मंग म्हनला, घरी कोन कोन असतं त्यांच्या?"

मी कप खाली ठेवला.

"म्या तू सांगितल्यालं तसंच सांगितलं. म्हनलं, नवरा-बायकू आन् एक पोरगी. एकुलती एक. तर माज्याकडं बगतच बसला. म्हनला, मुलगा नव्हता का त्यांना? मला वाटलं, याला कुनीतरी कायतरी सांगितल्यालं दिसतंय. म्हनलं, न्हाई बाबा, मुलगा कवाच नव्हता. कुनी सांगितलं तुला? इचार शेजारी. तर आठ नंबरवालीबी आली, तिनंबी तसंच सांगितलं."

"मग?" मी विचारलं.

"मंग पत्ता देऊ का म्हनलं, तर नगं म्हनला. चहा आर्दा तसाच. तोंड धुतो म्हनला आन् उटून मागं गेला. मोरी कुटं ते काय इचारलं न्हाई. म्हनलं, लाईनीतली घरं सारकीच, आसंल कुटल्यातरी लाईनीतला. मागल्या दारानंच गेला तो. ते दार आमाला कदी धड उगडलं न्हाई बग, मालकबी कंटाळले हुते. त्यानं खालून गुडगा लावला, जरा उचललं, आन् कडी काडली."

सात नंबरचं मागचं दार बिजागरीतून उतरलेलं होतं. ते गुडघ्यानं उचलल्याशिवाय कडी सरकायची नाही, आणि ही युक्ती त्या घरात वाढलेल्या आम्हा दोघांनाच जमायची. वडिलांनासुद्धा कधी जमली नाही.

काकू माझ्याकडं कौतुकाच्या अपेक्षेनं बघत होत्या. "मला लई दीस रुखरुख लागल्याली," त्या म्हणाल्या. "म्हनलं, चहा टाकून गेला, स्थळ मोडतंय का काय पोरीचं. म्हनून वेल्डरलाबी सांगून ठिवलं. लागलं का गं ते स्थळ मंग? त्योच का तुजा मालक?"

मी म्हटलं, हो काकू, तेच स्थळ लागलं.

दुसरं काय सांगणार होते? त्या बाईनं मी सांगितलेलं अक्षरन्अक्षर पाळलं होतं. शेजारणीला बोलावून साक्ष काढली होती. पाच वर्षं कुठं कुठं राबून, चांगले कपडे घालून, पिशवीत आईसाठी काहीतरी घेऊन तो आपल्या घरी आला होता, आणि आपण या घरात कधी जन्मलोच नव्हतो असं त्याला दोन बायकांनी चहा पाजून सांगितलं. त्याला वाटलं असणार, आईनंच तसं सांगायला लावलंय. वडिलांच्या चपलेनं तो गेला खरा, पण परत आला होता. त्यानंतर आला नाही तो माझ्यामुळं. काकूंनी साडीचोळी केली, मी ती घेतली आणि निघाले. कपाळावरचं कुंकू पुसलं गेल्याचं मला घरी आल्यावर आरशात बघून कळलं. काष्टीच्या स्टँडवर उन्हानं घाम आला असेल आणि पुसला असेल.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. आई जागी होती. नवऱ्यानं तिला उशा लावून बसवलं होतं, कारण तिनंच हट्ट धरला होता.

"आला हुता का?"

"आला होता."

कितीतरी महिन्यांनी आई हसली. तोंडात दात नाहीत, ओठ सुकलेले, पण हसली. माझं मनगट तिनं घट्ट धरलं. "कसा दिसत हुता?" मी सांगितलं, फिटरच्या वेळी आला होता, चांगला दिसत होता, इस्त्रीचा शर्ट होता, मिशा राखल्या होत्या. "वाळला हुता का?" नाही म्हटलं. "काय खाल्लं का?" चहा घेतला म्हटलं. "माजं काय इचारलं का?"

"पहिलं तुझंच विचारलं. बरी आहे का म्हणून."

तिचे डोळे भरून आले. मी मनात म्हणत होते, आता पुरे, आता एवढ्यावर तिला झोपू दे. पण ती थांबली नाही.

"मंग त्या फिटरच्या बायकूनं सांगितलं ना त्याला? आय वाट बगतीया म्हनून?"

खरं सांगायचं तर मला माझं सांगावं लागलं असतं. मी घाबरले. पन्नाशीला आलेली बाई, वर्गातल्या चाळीस पोरांना खरं बोला म्हणून शिकवणारी, मी आईच्या नजरेला घाबरले. आणि वाटलं, एवढ्यानं तिला बरं वाटेल.

"हो आई. सांगितलं तिनं."

"आन् आपला पत्ता?"

"तोही देत होती."

आई माझ्याकडं बघत राहिली. हसू तसंच होतं, फक्त आता ते कुणासाठी आहे ते कळत नव्हतं. मग तिनं माझं मनगट सोडलं.

"म्या वाट बगतीया, ह्ये म्हाईत हुतं त्याला," ती म्हणाली. "तरीबी आला न्हाई."

तिनं उशा काढायला लावल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं काही हालचाल केली नाही. त्यानंतर तिनं पाण्याशिवाय काही मागितलं नाही, आणि कोणी आलं का म्हणून एकदाही विचारलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली.

तिला खरं काय ते सांगायला मला चार दिवस मिळाले होते.